दोन पेरं खाली

पिरेतने जाण्याआधी लावली ही वेल,
मे महिन्यात, सरपणाच्या खोलीच्या भिंतीला.
"क्लेमॅटिस," ती म्हणाली, "जांभळी. चिठ्ठीवरचं पुढचं नाव
वाचत बसू नकोस, तुझी जीभ वळायची नाही."
मग हेल्टरमाच्या धक्क्यावरून बोट सुटली
आणि ती गेली तुर्कूला,
परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला.
सहा महिन्यांचा करार.
मागे मी, कुत्रा, आणि हातभर वेल.

मी बोटींच्या इंजिनांचा माणूस.
मला आवाज लागतो. काही बिघडलं की
आधी खडखड, मग धूर, मग दुरुस्ती.
वेल काहीच बोलली नाही.
मंगळवारी चार कळ्या होत्या, टपोऱ्या.
बुधवारी सकाळी तिने मान टाकलेली.
पानं ओल्या हातमोज्यांसारखी लोंबत होती,
देठ काळा, तेलात बुडवलेल्या सुतळीसारखा.

मी पाणी घातलं. आणखी घातलं.
मग वाटलं, पाण्यानेच तर नाही ना?
रात्री पिरेतने फोनवर विचारलं, "कशी आहे?"
"मजेत," मी म्हणालो, "चढतेय."
जूनची रात्र, अकरा वाजून गेले तरी उजेड.
खोटं बोलायला अंधारसुद्धा नव्हता.

वाइके कुंपणापलीकडून सगळं बघते.
ऐंशी वर्षं. गुडघे गेले, नजर आहे.
आली ती हातात कात्री
आणि नवऱ्याच्या वेळची स्पिरिटची बाटली घेऊन.
पाती पुसली, पुन्हा पुसली, माझ्या हातात दिली.
"काप. जमिनीलगत."
"कळ्या आहेत अजून."
"कळ्यांना कळलेलं नाही अजून," ती म्हणाली.

मी एकदम नाही कापली.
वरून खाली आलो, वीत वीत,
कुठेतरी हिरवं लागेल म्हणून.
नाही लागलं.
तुकडे खताच्या ढिगाकडे न्यायला लागलो
तर ओरडली, "तिकडे नाही! रोग पसरवतोस का?"
सौनाच्या चुलीत गेले सगळे, चारही कळ्यांसकट.
वाससुद्धा आला नाही.

मग तिने मातीत बोट खुपसलं,
सुईणीसारखं, न बघता.
"खोल लावलीय बायकोने तुझ्या. दोन पेरं खाली आहेत.
वरचं मेलं ते वर मेलं.
डोकं उन्हात, पाय गारव्यात, एवढंच हवं असतं हिला.
तू उलटा. मोजे घालून झोपणारा."

मी किनाऱ्यावरून चुनखडीची लादी आणली.
काळजावर ठेवायचा तो दगड
मुळाशी ठेवला, सावलीपुरता.
दर तिसऱ्या दिवशी एक बादली, धार बारीक करून.
कुत्र्याला त्या कोपऱ्यात पाय वर करायची बंदी.
तीन आठवडे मी एका दगडाला पाणी घातलं,
आणि रोज रात्री
"चढतेय" म्हणालो.

जुलैत एकदा राहवेना.
"पिरेत, ती वेल..."
"ठाऊक आहे," ती म्हणाली,
"वाइकेने त्याच दिवशी कळवलं."
"मग रोज विचारत होतीस ते?"
तिच्या मागे कुणातरी म्हाताऱ्याची घंटी वाजत होती.
"ऐकत होते," ती म्हणाली,
"खडखड येते का."
आणि घंटीकडे गेली.

आज सकाळी, लादीच्या कडेला,
आगकाडीच्या गुलाएवढं काहीतरी. तांबूस.
तण असेल म्हणून गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला.
बोटभर अंतरावर आणखी एक.
गोगलगायी येतात इथे रात्रीच्या,
म्हणून बूड गेलेली बादली आणून
भोवती कुंपणासारखी रोवली.
उठताना पाहिलं तर वाइके उभी.

मी तोंडावर बोट ठेवलं.
"या वेळी नाही. या वेळी ती येऊन बघेल."
तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि परत ठेवला.
बहुतेक.