आयुष्यभराची हमी

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेदहा ते बारा,
मी सोलांजबाईंकडे कामाला असते.
पाठ चोळायची, गोळ्या मोजायच्या, केस विंचरायचे
आणि ते भांडं उचलायचं.
हे शेवटचं काम एजन्सीच्या कागदावर नाही.

बिडाचं आहे. वरून नारिंगी मिना.
झाकणासकट साडेसहा किलो;
माझी मायलिस जन्मली तेव्हा
याच्या निम्मीसुद्धा भरली नव्हती.
नवरा ओतशाळेत, भट्टीपाशी एकोणतीस वर्षं.
लग्नाच्या साली, कामगारांची सवलत धरूनही,
अर्धा पगार या भांड्यात गेला.
खोक्यात एक कार्ड होतं: हमी, आयुष्यभर.
कुणाच्या, ते छापलेलं नव्हतं.

नवरा गेला. ओतशाळेला टाळं लागलं,
त्या आवारात आता मोटारी धुतात.
बाईंची मनगटं संधिवातानं आत वळली.
भांडं आहे तसंच आहे.
काठाला एक टवका तेवढा:
चौऱ्याहत्तर साली हातातून निसटून नळावर आदळलं
आणि नवरा तीन दिवस बोलला नाही.
भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो म्हणतात.
त्या घरात आवाज बंद झाला.

माझ्याकडे चौदा युरोचा पॅन असतो.
असतो म्हणजे, दर दोन वर्षांनी नवा असतो.
आधी मधला काळा लेप विटतो,
मग अंडं तळाला मिठी मारून बसतं,
मग मूठ खुळखुळते, मी स्क्रू पिळते,
आणि एका रविवारी तो कचऱ्याच्या डब्यापाशी उभा.
एकदा मायलिसनं गॅसवर विसरून त्याचा कोळसा केला.
आम्ही खिडक्या उघडल्या आणि हसलो.

"नादेज, स्वस्त घेऊन तू महागात पडतेस,"
बाई म्हणतात, खुर्चीतून, गाजरं सोलत.
म्हणून एकदा बसमध्ये हिशेब मांडला.
तसं भांडं आज तीनशेला मिळतं.
तीनशेत माझे एकवीस पॅन बसतात
आणि वर सहा युरो, म्हणजे दोन कॉफ्या.
एकवीस पॅन म्हणजे बेचाळीस वर्षं.
मी आज अडतीसची.
म्हणजे माझे पैसे वाया जायला लागतील
तेव्हा मी ऐंशीची असेन,
बाईंच्या आजच्या वयाची,
आणि ते भांडं मला उचलवणार नाही.

हे त्यांना सांगितलं नाही.
शिवाय हिशेबात एक खोट आहे, मला माहीत आहे:
एकवीस पॅन कुठेतरी पडून राहणारच,
मातीला ते पचणार नाहीत.
पण तीनशे एका हप्त्यात कुणी दिले मला कधी?
चौदा मात्र दर वेळी सापडतात,
कोटाच्या खिशात, महिनाअखेरीलासुद्धा.

आज शुक्रवार. मी दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून,
भांडं गॅसवर चढवलं.
लीक, बटाटे, बैलाच्या मांसाचा तुकडा, तमालपत्र.
शिजायला तीन तास, मला पगार दीड तासाचा.
"तू जा," त्या म्हणाल्या,
"बंद करायला एक बोट पुरतं."

संध्याकाळी सहाला फोन आला.
वाटलं, पडल्या असतील.
"अजून ऊब आहे," त्या म्हणाल्या,
"दुपारी दोनला बंद केलंय.
हात ठेवून बसलेय झाकणावर.
बोटं उघडतायत बघ."
मग काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
पलीकडून घड्याळ ऐकू येत होतं.

माझ्या एका हातात फोन,
दुसऱ्या हातात पॅन, आमलेट उलटण्याच्या बेतात.
एका हाताचंच काम ते.
ताटात टाकलं, पॅन नळाखाली धरला.
चर्र झालं,
आणि मी मूठ सोडायच्या आत
तो गार.