शीर

ऋजुता, तू काल विचारलंस,
तुर्भे स्टोअरला पुलाखाली रिक्षाची वाट बघताना,
की ताई, रात्री झोप लागते का तुम्हाला?
मी म्हटलं, लागते.
तेवढ्यात रिक्षा आली आणि ते तिथंच राहिलं.

लागते, पण
त्याआधी मी लसूण सोलते.
उद्याचा, परवाचा, शेजारच्या कुरियनबाईंचासुद्धा.
नवरा म्हणतो, एवढा लसूण खातं कोण या घरात?
त्याला काय सांगू, की
हुसेनप्पाच्या पोरीचं वजन सहा किलो दोनशेवर
अडकून बसलंय दोन महिने,
आणि नखाखाली साल सुटते तेव्हा
दिवसभरात निदान एक गोष्ट
माझ्या हातानं मोकळी होते.

प्रशिक्षणात शिकवतात, अंतर ठेवा.
फळ्यावर दोन वर्तुळं काढतात,
एकात तुम्ही, एकात ते.
छान असतात वर्तुळं.
खाणीवर जायची वाट मात्र एकच आहे
आणि चढताना धूळ कुणाचं नाक बघून जात नाही.

नवव्या वर्षी मी बसले होते
वाशीच्या पालिका रुग्णालयाच्या जिन्यात,
तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे.
हातात कागद. त्यावर एक नाव लिहायचं, एवढंच काम.
आधार कार्डावर मारुती,
आईच्या तोंडी मारेप्पा.
वय अकरा. बंद खाणीच्या पाण्यात पोहायला गेलेला.
पेन चालेना.
मला वाटलं, शाई संपली.
शाई होती.

यल्लव्वा जिना चढून आली. मुलगा तिचा पुतण्या.
तिनं कागद घेतला, उलटा धरून पाहिला,
घडी घालून माझ्याच पिशवीत ठेवला
आणि शेजारी बसून म्हणाली,
"बाई, तू सगळ्या अंगानं मारतीस.
घण असा नाय मारत.

आधी दगड बघायचा. भवतीनं फिरून बघायचा.
पाणी मारलं की शीर दिसती,
तिथं छिन्नी ठेवायची.
घण उचलताना दम घ्यायचा,
खाली येताना त्याचा त्याला येऊ द्यायचा.
वजन त्याचं असतंय, तुझं नाय.
आन दहा झाले की थांबायचं.
दगड कुठं पळून जात नाय."

मग ती रडली. मी बसून राहिले.
मग मी मारेप्पा लिहिलं,
ज्यापायी पुढे सात महिने हेलपाटे घालावे लागले,
तेही सांगून ठेवते.

तेव्हापासून दहा झाले की थांबते.
दहा घरं, की पाण्याच्या टाकीपाशी बसायचं,
अकरावं घर हाक मारत असलं तरी.
शनिवारी चारला आम्ही बालवाडीचं दार लावून घेतो,
पोरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसतो.
कौतिक कांदाभजी आणतो.
नियम एकच, कुणी उपाय सांगायचा नाही.
एकदा प्रफुल्ल तासभर नुसता
चावीच्या बेडकाला चावी देत राहिला.
आम्ही ते बोलणंच धरलं.

राग मी वॉर्ड ऑफिससाठी राखून ठेवते,
मंगळवारी, अकरा ते एक, त्यांची भेटायची वेळ.
पावसाळ्याच्या तोंडावर आलेली पाडकामाची नोटीस
तिथंच टेबलावर पसरून ठेवली होती,
वर यल्लव्वाच्या हातची खडी, कागद उडू नये म्हणून.
नोटीस मागे घेतली नाही त्यांनी.
दिवाळीपर्यंत ढकलली.

शर्वरी सोडून गेली, खारघरला बँकेत आहे.
तिला पळपुटी म्हणायचं नाही या ऑफिसात.
तिचा दगड निघाला बिनशिरेचा,
असतात तसेही.

आणि मलाही रोज शीर दिसतेच असं नाही, ऋजुता.
कधी नुसतं पाणी मारत राहते.

उद्या साडेनऊला ये.
हुसेनप्पाच्या पोरीचं वजन करायचंय,
काट्याचा हूक सैल झालाय, जाड दोरा आण.
आणि एक रिकामा डबा.
लसूण देते.
फार झालाय.