साडेबारा ते साडेतीन

जून ते ऑगस्ट सोहारमध्ये
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद. कायदाच आहे.
मी टाइमकीपर, भोंगा माझ्याच हातात.

हे तीन तास मी माझ्या नावावर मांडलेत :
एक गणिताला, एक इंग्रजी उताऱ्यांना,
तिसऱ्यात डबा, आणि जमलंच तर आलेख.
सिमेंटच्या चलानामागे चौकटी आखल्यात.
परीक्षेला एकशे चार दिवस,
शुक्रवार सोडून. शुक्रवारी कपडे असतात.

शेडमध्ये माणसं आडवी.
कूलर एकाच कोपऱ्याला वारा घालतो, तिथे फोरमन.
पुस्तक विचारतं :
बारा माणसं एक भिंत आठ दिवसांत बांधतात,
तर सोळा माणसं किती दिवसांत?
सहा. मागच्या पानावर पडताळतो. बरोबर.

मग उगाच मान वर करून माझे सोळा मोजतो.
मुरुगेशनला रात्रीपासून उलट्या.
दोघांना गेटवर नेलंय.
अब्दुल बारी नवा, अजून भोवळ येते,
त्याला अर्धा धरू.
उरले साडेबारा.
आणि ऊन किती, ते गणितात दिलेलंच नाही.

बारी कुशीवर वळतो, चौकटींवर बोट ठेवतो,
"दादा, यात झोप कुठे लिहिलीय?"
मी पेन्सिल घेऊन जागा शोधत राहतो.
सापडत नाही.

आज भोंगा तीन एकतीसला वाजवला.
वहीत साडेतीनच लिहिलं.