फणीचं सातवं घर

यंत्रमागांना सुट्टी असते त्या रात्रीच
जमीन नीट ऐकू येते.
एरवी साऱ्या पूर्व भागाची खडखड
पडद्यावर येऊन बसते केसाळ सुरवंटासारखी
आणि एक पूर्णांक दोनचा धक्का
टॉवेलांच्या थप्पीखाली दबून जातो.

आज सुट्टी. दोन वाजून अकरा मिनिटं.
चिंचहळ्ळीहून मलकव्वाचा फोन:
बाई, फळीवरची भांडी परत बोलली.
म्हटलं, दिसलं इथं.
कुठं झालं?
कुठं म्हणजे नेमकं कुठं,
हे सांगायला मी अकरा महिने घेतलेत.

नकाशावर एकशे चाळीस ठिपके,
सांडलेल्या मोहरीसारखे. आजचा एक धरून एकशे एक्केचाळीस.
चार यंत्रं. एक शाळेत, एक विहिरीच्या कडेला,
एक दर्ग्यामागे, त्याची बॅटरी शकीलभाई बदलतात,
चौथ्याची वायर उंदरांनी दोनदा खाल्ली.
पहिली लाट येते, मग दुसरी,
मधल्या सेकंदांवरून अंतर काढायचं.
पण खाली काळा कातळ, लाव्ह्याचे थर,
कोट्यवधी वर्षांपूर्वी निवलेले,
थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पापुद्रे.
लाट कुठं धावते, कुठं रेंगाळते.
प्रत्येक ठिपका कोसभर खोटं बोलत होता.

नायना मागावर होते चौतीस वर्षं.
कान गेले, तरी लाकडावर तळवा टेकून सांगायचे:
डावीकडून, फणीचं सातवं घर. धागा गेलाय.
कसं कळतं, विचारलं होतं मी.
म्हणाले, एकट्या धाग्याचं नाही कळत गं,
शेजारच्याशी ताडून बघायचं.

तेवढंच केलं.
दोन धक्के, शेजारीशेजारी जन्मलेले,
एकाच वाटेनं यंत्रापाशी आलेले.
वाटेनं दोघांना सारखंच फसवलं असेल
तर एकातून दुसरा वजा करताना फसवणूक गळून जाते,
उरतं दोघांमधलं अंतर.
अशा जोड्या नऊ हजार आठशे सत्तर.
संगणकाचा पंखा घरघरत राहिला,
चहावर साय आली, मी प्यायले नाही.

पाचच्या सुमाराला मोहरी सरकली.
आधी थोडीशी, मग सगळीच,
आणि रेघ झाली.
चार किलोमीटर लांब, ईशान्येकडून नैऋत्येकडे,
वायव्येला कललेली.
वर तिचा मागमूस नाही. ज्वारीला ठाऊक नाही.
ओढ्याला थोडं ठाऊक असावं,
तो तिथं उगाच वळतो.

मलकव्वाला फोन लावला.
तुमच्या गोठ्याच्या पलीकडं, साडेतीन किलोमीटर खाली.
ती गप्प. मागं म्हैस हंबरली.
परत कधी, असं तिनं विचारलं असतं
तर माझ्याकडं काहीच नव्हतं.
तिनं विचारलं,
मग भांडी खाली उतरवू?
उतरवा, म्हटलं. जड ती आधी.

सहाला कुठंतरी पहिला माग सुरू झाला.
पडद्यावरच्या रेषेला
परत केस फुटले.