खेपा

चांदिवलीच्या खाणीत आता टॉवर उभे आहेत.
तळमजल्याखाली तीन मजले नुसते गाड्यांना.
आम्ही जिथं डबर भरायचो
ते त्याच्याही खाली बारा हात, मुजावर म्हणतो.
लाडकू म्हणतो, नऊ.
चहा निवेपर्यंत हे चालतं.

पगार नव्हता, खेप होती.
खेपेमागं एक चिठ्ठी, मेहताजीच्या जांभळ्या शिक्क्याची.
दुपारी लाल फडकं हललं की
गाडीखाली शिरायचं आणि सुरुंग मोजायचे.
भरले अकरा, वाजले दहा,
तर डबा कुणी उघडायचा नाही.

माझ्या डाव्या पोटरीवर अजून केस नाहीत.
इंजिनाकडची पोटरी.
बायको म्हणायची, अर्धाच नवरा भाजून येतो घरी.

कंपनीचं नाव तिघांनाही आठवतं,
मालकाचं, मालकाच्या कुत्र्याचंसुद्धा.
क्लीनर पोराचं आठवत नाही.
मागं उभा राहून फाळक्यावर थाप मारायचा,
आन दे, आन दे, आन दे,
बास.

त्या दिवशी ओली ग्रिट होती, तीन ब्रास,
आणि कड भुसभुशीत.
बास ऐकू आलं नाही.
गाडीवर कोण होतं, ते आम्ही काढत नाही.

परवा नातीनं गाडी बेसमेंटात घातली.
मागं घेताना आत काहीतरी टीटी वाजायला लागलं.
थांब, म्हटलं.
आजोबा, अजून चार फूट आहे, ती म्हणाली.
मी उतरलो
आणि मागच्या काचेवर हात ठेवून उभा राहिलो.