लव

पाचपावलीत सकाळी सातलाच चटका.
कूलरात पाणी ओतून
भागरताबाई बसते पाय पसरून,
पायांवर माझी वीस दिवसांची पोट्टी.
कणकेचा गोळा, हळद, थेंबभर तेल.
पाठीवर हलके हलके फिरवते,
गोळ्याला चिकटते काळी लव.
“पोरीच्या जातीले केस बरे नाई वं माय.”

मला न्हाणीतली वज्री आठवते.
दहावीच्या सुट्टीत
लाल होईस्तोवर घासलेले हात,
आणि त्यांवर, पंचेचाळीस डिग्रीत,
मनगटापर्यंत बाह्या.

गोळा कपाळाशी येतो.
पोट्टी जांभई देते.
“राहू द्या तेवढी,” मी म्हणते,
“गळेल तिची ती.”

भागरताबाई माझ्या बाह्यांकडे बघते.
काही बोलत नाही.
वाटीतलं उरलेलं तेल
स्वतःच्या गुडघ्याला चोळते.