कापसाची काडी

मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रेणूच्या हाडातला झरा आटलाय.
दुसऱ्याच्या मूळपेशी लागतील, तिच्याशी जुळणाऱ्या.
सख्ख्या भावंडात चारात एक जुळतं.
भाऊ एकच. नाही जुळला.

मग यादी बघितली, देशातली, परदेशातली.
पंधरा दिवसांनी बाई खाली बघत बोलल्या,
"तुमच्याकडची माणसं यादीत फारशी नाहीतच हो."

मी हसलो. हसायचं नव्हतं.
जातीच्या दाखल्याला आजोबाचा पुरावा मागितला
तेव्हा तहसीलच्या खिडकीनं हेच सांगितलेलं.
घाटाच्या पायऱ्यांवर आमची टाकी,
कागदावर आम्ही नाही.

तरी मला बाईंचं पटलं.
जात्याच्या दोन्ही तळ्या एका खाणीच्या लागतात,
नाहीतर पीठ कचकचतं.
हे वडराला कुणी शिकवायला नको.

रविवारी वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडलं.
अकरा वाजेपर्यंत एक कुत्रं आणि मी.
कुणीतरी उठवलेलं, मणक्यातून मगज काढतात,
मग माणूस पहार उचलत नाही.

बाईंनी स्वतःच्या गालात काडी फिरवून दाखवली.
भीमाक्काच्या सुनेनं पदराआड तोंड उघडलं.
"एवढंच?"
त्या "एवढंच"वर रांग लागली.

तिम्मा तंबाखू थुंकून, चूळ भरून आला.
साठीचा माणूस. पन्नासपर्यंतच घेतात.
"जन्मात पहिल्यांदा कुणी मला मागायला आलं,
आन् त्यालाबी वय?"
दिवसभर ओट्याखाली रुसून बसला,
पोरांना मात्र हाका मारून वर पाठवत राहिला.

त्रेसष्ट पाकिटं झाली.
रेणूशी एकही नाही.

माघात हणमंताला फोन आला, तुझं जुळलंय.
कुणाशी, ते सांगत नाहीत.
पाच दिवस सुया, मग चार तास हात ताठ.
मशीन रक्त ओढतं, हवं तेवढं ठेवतं,
बाकीचं परत देतं.
असला मुकादम आम्ही कधी पाहिला नव्हता.
आठवड्यात हणमंता खाणीवर, हातात तीच पहार.

आता मी रात्री फोन लावतो,
गदग, बागलकोट, सोलापूरकडच्या खडी मशीनवर,
जिथं जिथं आमची पालं गेली.
विचारतो, "गाल मोकळा हाय का रं?"
लोक हसतात.

हसू देत.
हसताना तोंड उघडतं.